मार्की द साद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव नेमकं कसं उच्चारायचं?

अठराव्या शतकातला हा फ्रेंच सरदार आणि लेखक, ज्याच्या नावावरून ‘सॅडिझम’ शब्द आला. उच्चार मार्की द साद, त्यात ‘मार्की’ हा सरदारकीचा किताब. ‘साद घालणे’मधलाच साद, फक्त शेवटचा ‘द’ तोडका. ‘मार्क्विस डी सेड’ हे इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलेलं रूप आहे.

पूर्ण नाव दोनातिएँ अल्फाँस फ्राँस्वा, आणि तेही चुकून पडलेलं. घरच्यांना ‘लुई अल्दोन्स दोनातिएँ’ ठेवायचं होतं. बाप्तिस्म्याला आईवडील स्वतः गेले नाहीत. त्यांच्या वतीने गेलेल्या नोकरांनी पाद्र्याला भलतीच नावं सांगितली आणि तीच वहीत चढली. पुढे तो कधी हे नाव लावायचा, कधी ते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात देश सोडून पळालेल्या सरदारांच्या यादीत त्याचं नाव घुसलं, तेव्हा ते काढून घेताना हा घोळ त्याच्या चांगलाच अंगाशी आला.

वडील १७६७ मध्ये वारल्यावर तो कागदोपत्री ‘काँत’ (काउंट) झाला. लोकांच्या तोंडी मात्र मार्कीच राहिला.

घराणं किती मोठं होतं?

प्रोव्हाँसमधलं जुनं, नावाजलेलं घराणं. कवी पेत्रार्कने जिच्यावर सुनीतं लिहिली ती लॉरा आपल्याच घरात दिलेली, असं साद मंडळी अभिमानाने सांगत. वडील राजनैतिक सेवेत होते आणि आई कोंदेच्या राजघराण्यातल्या राजकन्येच्या पदरी. म्हणून २ जून १७४० रोजी त्याचा जन्म पॅरिसमध्ये कोंदे घराण्याच्या वाड्यात झाला. लहानपणीची काही वर्षं प्रोव्हाँसमध्ये सोमान इथे काकाच्या गढीत गेली. काका धर्मगुरू, पेत्रार्कचा अभ्यासक, आणि वागायला भलताच रंगेल. नंतर पॅरिसमध्ये जेझुइटांच्या लुई-ल-ग्राँ शाळेत शिक्षण, मग घोडदळ आणि सप्तवार्षिक युद्ध.

मानमरातब मोठा, पण तिजोरी रिकामी. १७ मे १७६३ रोजी त्याचं लग्न रने-पेलाजी द मोंत्रय हिच्याशी लावलं ते त्यासाठीच. मोंत्रय घराणं पैशाने गब्बर, पण सरदारकीत नवखं. या लग्नाने सादला बायकोपेक्षा सासू जास्त मिळाली. पुढची पंचवीस वर्षं त्याच्या नशिबाच्या दोऱ्या मादाम द मोंत्रयच्या हातात होत्या.

त्याने खरोखर गुन्हे केले, की सगळी बदनामीच?

केले. ‘स्वातंत्र्याचा हुतात्मा’ म्हणून त्याला डोक्यावर घेणारे इथेच गडबडतात. कागदपत्रांतून नीट दिसणारी मोठी प्रकरणं तीन आहेत.

पहिलं आर्क्यइचं. ३ एप्रिल १७६८, ईस्टरचा रविवार. रोज केलर, वय ३६, विधवा, सूतकताईचं काम सुटलेलं, पॅरिसमध्ये प्लास दे व्हिक्त्वार चौकात भीक मागत होती. घरकाम देतो असं सांगून सादने तिला शहराबाहेर आर्क्यइ इथल्या आपल्या घरी नेलं, बांधलं आणि फटके मारले. चाकूने वार केले, जखमांवर गरम मेण ओतलं, असं तिने जबानीत सांगितलं. सादने ते नाकारलं, पण फटके मारल्याचं नाकारलं नाही. ती चादरींचा दोर करून खिडकीतून उतरली आणि भिंत ओलांडून गावात पोचली. सासरच्यांनी तिला २४०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊन तक्रार मागे घ्यायला लावली.

दुसरं मार्सेयचं. २७ जून १७७२ रोजी साद आणि त्याचा नोकर लातूर यांनी काही वेश्यांना बडीशेपेच्या गोळ्या खायला दिल्या. त्यात कँथराइड होतं, म्हणजे एका हिरव्या भुंग्याची वाळवून केलेली पूड. कामोत्तेजक म्हणून ही पूड तेव्हा सर्रास विकली जाई. खरं पाहता ती मूत्रमार्गाची आणि आतड्याची आग करते, आणि मात्रा जराशी चुकली तरी जीव जाऊ शकतो. बायकांना ओकाऱ्या सुरू झाल्या आणि विषप्रयोगाचा गुन्हा नोंदवला गेला. साद फरार झाला, तोही मेहुणीला सोबत घेऊन. १२ सप्टेंबर १७७२ रोजी एक्स शहराच्या चौकात मालक आणि नोकर दोघांचे पुतळे जाळून मृत्युदंडाची अंमलबजावणी उरकण्यात आली.

तिसऱ्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, आणि आमच्या मते तेच सर्वांत गंभीर. १७७४-७५च्या हिवाळ्यात साद घराण्याच्या लाकोस्तच्या किल्ल्यात पंधरा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली नोकरीला ठेवल्या होत्या. त्यांच्या घरच्यांनी तक्रारी केल्या आणि मुलींची पांगापांग करून प्रकरण दाबलं गेलं. त्यात सादची बायकोही सामील होती. पुढे लाकोस्तमध्ये कामाला ठेवलेल्या कातरिन त्रेये या मुलीचा बाप जानेवारी १७७७ मध्ये तिला न्यायला आला. त्याने सादवर जवळून पिस्तूल झाडलं, पण बार उडाला नाही. किल्ल्यात या मुलीला ज्या नावाने हाक मारत ते नाव होतं ‘ज्यूस्तीन’. दहा वर्षांनी तेच नाव त्याच्या नायिकेला मिळालं.

मग या गुन्ह्यांसाठी त्याला किती वर्षांची शिक्षा झाली?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. हिशेब मांडून पाहू.

१७७७ ते १७९०, मुख्यतः व्हँसेन आणि बॅस्टिल हे राजाचे तुरुंग: १३ वर्षं. डिसेंबर १७९३ ते ऑक्टोबर १७९४, क्रांतिकारकांचे तुरुंग: १० महिने. मार्च १८०१ ते मृत्यूपर्यंत, मुख्यतः शारांताँचं वेड्यांचं इस्पितळ: पावणेचौदा वर्षं. तारुण्यातले किरकोळ तुरुंगवास धरले की बेरीज सुमारे २८ वर्षांवर जाते. काही पुस्तकं ३२ म्हणतात, काही २७. कोण काय धरतं त्यावर आकडा बदलतो.

आता न्यायालयांनी दिलेल्या आणि टिकलेल्या शिक्षा पाहा. आर्क्यइसाठी १०० लिव्र दंड. मार्सेयच्या मृत्युदंडाचा फेरविचार १७७८ मध्ये झाला. विष सिद्ध न झाल्याने तो रद्द झाला आणि बेताल वागण्याबद्दल ५० लिव्र दंड झाला, शिवाय तीन वर्षं मार्सेयमध्ये पाय ठेवायचा नाही. एकूण १५० लिव्र. उरलेली २८ वर्षं खटल्याशिवाय.

ज्या कृत्यांसाठी खटला चालायला हवा होता ती पैसे देऊन मिटवली गेली, आणि कैद झाली ती घराण्याची अब्रू झाकायला. रोज केलरला न्याय मिळाला नाही आणि सादलाही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

खटल्याशिवाय माणसाला तेरा वर्षं डांबता कसं येत होतं?

‘लेत्र द काशे’ने. राजाच्या सहीचं, मंत्र्याच्या प्रतिसहीचं, मोहोरबंद पत्र. त्यात फक्त हुकूम असे, अमक्याला अमक्या ठिकाणी ठेवा. आरोप नाही, मुदत नाही, अपील नाही. आणि हे पत्र काढायला बहुतेक वेळा घरचेच अर्ज करत: उधळ्या मुलगा, पळालेली बायको, अब्रू घालवणारा जावई. ठेवण्याचा खर्चही घरच्यांनीच भरायचा.

मादाम द मोंत्रयने ते काढलं. आई अत्यवस्थ असल्याचं ऐकून साद पॅरिसला आला. तो पोचेपर्यंत आई गेलेली होती. १३ फेब्रुवारी १७७७ रोजी त्याला पकडून व्हँसेनच्या बुरुजात टाकलं. १७७८ मध्ये एक्सच्या न्यायालयाने मृत्युदंड रद्द केला, तरी पत्र जिवंत होतं, म्हणून सुटका नाही. परतीच्या वाटेवर व्हालाँस इथे त्याने पहाऱ्यातून पळ काढला, पण लाकोस्तमध्ये ३९ दिवस मोकळे मिळाले आणि पुन्हा व्हँसेन.

किती दिवस आत राहायचं आहे हे ठाऊक नसलं की माणूस कसा पिसाटतो, ते त्याच्या तिथल्या पत्रांत दिसतं. बायकोच्या पत्रांतल्या ओळी, अक्षरं, तारखा मोजून सुटकेचा दिवस त्यात सांकेतिक भाषेत लपवलाय असं तो ठरवायचा. हिशेब चुकला की तिच्यावरच डाफरायचा. त्याच पत्रांत खाण्यापिण्याच्या फर्माइशी. १७७९च्या एका पत्रात तो केकबद्दल कुरकुरतो: चॉकलेटचा मागवला होता, आतून धुराने माखल्यासारखा काळाकुट्ट हवा होता, आणि आलेल्यात चॉकलेटचा मागमूस नाही. तेरा वर्षांत तो बेसुमार सुटला आणि डोळे अधू झाले. लेखक मात्र तो याच खोल्यांत झाला.

‘सदोमचे १२० दिवस’ची गुंडाळी म्हणजे काय प्रकार आहे?

‘सदोमचे १२० दिवस’ ही त्याची बॅस्टिलमध्ये लिहिलेली कादंबरी. तिथे हस्तलिखित जप्त होण्याची भीती कायम असे. म्हणून त्याने कागदाचे अरुंद तुकडे एकापुढे एक चिकटवून साधारण ११ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटरहून थोडी लांब अशी पट्टी केली. २२ ऑक्टोबर १७८५ला तो आपल्या कच्च्या खर्ड्यावरून उतरवून काढायला बसला. वेळ संध्याकाळी सात ते दहा. वीस संध्याकाळींत एक बाजू भरली, मग पट्टी उलटी करून मागची. सगळं मिळून ३७ दिवस. अक्षर मुंगीच्या पायांएवढं. वळकटी केली की भिंतीच्या फटीत बसेल एवढी होई, आणि ती तिथेच ठेवली होती.

पुस्तक अपुरं आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. रचना कारकुनी काटेकोर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ३०+३१+३१+२८, म्हणजे १२० दिवस. चार सत्ताधारी: सरदार, बिशप, न्यायाधीश, सावकार. चार कथेकरणी, प्रत्येकीला एक महिना, महिन्याला १५० विकृती, एकूण ६००. यातला फक्त नोव्हेंबर पूर्ण लिहिलाय. पुढचे तीन महिने नुसती टिपणं, क्रमांक घातलेली, कोरडी. त्यामुळे उत्तरार्ध वाचताना कादंबरी वाचतोय असं वाटतच नाही, हिशेबाची वही चाळल्यासारखं होतं. बळींमध्ये मुलं आहेत. हे न वाचणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो.

बॅस्टिल पडल्यावर ती गुंडाळी गेली असं साद मरेपर्यंत समजत होता, आणि तिच्यासाठी रक्ताचे अश्रू ढाळले असं त्याने लिहून ठेवलं. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी हाती लागली आणि एका सरदार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९०४ मध्ये बर्लिनच्या इवान ब्लोख या डॉक्टरने टोपणनावाने ती पहिल्यांदा छापली. १९२९ला ती फ्रान्समध्ये परत आली, १९८२ला चोरून स्वित्झर्लंडला गेली. २०१४ मध्ये एका फ्रेंच गुंतवणूक कंपनीने ती ७० लाख युरोंना घेतली आणि पुढच्याच वर्षी कंपनी फसवणुकीच्या चौकशीत अडकली. २०१७ला लिलाव थांबवून ती राष्ट्रीय ठेवा ठरवली गेली आणि २०२१ मध्ये एका देणगीदाराच्या ४५.५ लाख युरोंतून फ्रेंच सरकारकडे आली. आता ती पॅरिसच्या आर्सनाल ग्रंथालयात आहे.

बॅस्टिल पडली तेव्हा तो आत होता ना?

नाही, दहा दिवसांनी हुकला. २ जुलै १७८९ रोजी त्याने सांडपाणी टाकायच्या नळकांड्याचा भोंगा करून खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगितलं की आत कैद्यांचे गळे कापले जाताहेत, धावा. साफ खोटं होतं. किल्लेदाराने वैतागून लिहिलं आणि ४ जुलैच्या पहाटे त्याला शारांताँला हलवलं, सामान न घेऊ देता. १४ जुलैला जमाव घुसला आणि त्याच्या खोलीतली शेकडो पुस्तकं व कागद पांगले. आरडाओरडा केला नसता तर लोकांनी खांद्यावर घेऊन बाहेर काढलं असतं, आणि गुंडाळीही हाती राहिली असती.

क्रांतीत तो कोणत्या बाजूने होता?

लेत्र द काशे रद्द झाल्यावर २ एप्रिल १७९० रोजी तो सुटला. बायकोने भेट नाकारली आणि विभक्त झाली. माजी नटी कोन्स्ताँस केने हिची साथ याच वर्षी मिळाली, ती अखेरपर्यंत.

‘नागरिक साद’ पॅरिसच्या पिक विभागात चिटणीस झाला, जुलै १७९३ मध्ये अध्यक्षही. त्या पदावर असताना मोंत्रय दांपत्याचं नाव यादीत समोर आलं. एका शब्दात सासूचा सूड उगवता आला असता. त्याने त्यांना वाचवलं. कागदावर हजारो माणसं मारणारा हा गृहस्थ प्रत्यक्षात मृत्युदंडाचा कट्टर विरोधक होता. ‘मवाळ’ म्हणून ८ डिसेंबर १७९३ला त्यालाच अटक झाली. २७ जुलै १७९४ला गिलोटीनच्या यादीत त्याचं नाव होतं, पण न्यायला आलेल्यांना तो सापडला नाही. दुसऱ्याच दिवशी या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर याचं डोकं उडालं. साद शेवटी जिथे कैदेत होता त्या पिकप्यूसच्या बागेत सहा आठवड्यांत १३०६ धडं पुरली गेली. आजवरच्या सगळ्या बॅस्टिलपेक्षा या दृश्याने आपल्याला शंभरपट जास्त हादरवलं, असं त्याने नंतर कळवलं.

‘ज्यूस्तीन’ घेतली, पण मित्राच्या प्रतीपेक्षा वेगळी निघाली. का?

कारण ज्यूस्तीन तीन आहेत. विकत घेण्याआधी हे तपासा:

नायिका आपली कहाणी स्वतः सांगते आणि स्वतःला ‘सोफी’ म्हणवते, तर तो १७८७चा पहिला खर्डा. बॅस्टिलमध्ये पंधराएक दिवसांत लिहिलेला, छापला गेला थेट १९३० मध्ये. लहान, आटोपशीर, व्होल्तेरच्या उपहासकथांच्या जातीचा.

स्वतःच सांगते पण नाव ‘तेरेज’ असेल, तर ती १७९१ची. लेखकाचं नाव न घालता छापलेली, खप दांडगा. प्रकाशकाला मसालेदार हवी होती म्हणून तशी केली, असं त्याने वकिलाला लिहिलं. जाहीरपणे मात्र तिचा बाप आपण नाही असंच जन्मभर सांगितलं.

निवेदन तृतीयपुरुषी असेल, तर ‘नवी ज्यूस्तीन’, १७९७ची, बहीण ‘ज्यूलिएत’सह दहा खंडांची. इथे संयम संपतो. पान-पान तत्त्वचर्चा, मग अत्याचार, पुन्हा तत्त्वचर्चा.

सूत्र तिन्हींत एकच: सद्गुणी बहीण पावलोपावली भरडली जाते आणि शेवटी वीज पडून मरते, तर दुर्गुणी बहीण तोवर सुखात नांदत असते.

सुरुवात कुठून करावी?

‘१२० दिवस’पासून नक्कीच नाही. बहुतेकांचं तिथेच चुकतं. तीस पानांत पुस्तक मिटतात आणि सादही मिटतो.

आधी ‘पाद्री आणि मरणासन्न माणूस यांचा संवाद’ वाचा. १७८२, व्हँसेन. एका बैठकीत संपतो, अश्लीलता जवळपास नाही, नास्तिक युक्तिवाद धारदार. मग ‘प्रेमाचे गुन्हे’ या १८००च्या संग्रहातली ‘युजेनी द फ्रांव्हाल’. हा संग्रह त्याने स्वतःच्या नावाने छापला, म्हणून भाषा सभ्य आहे. मग व्हँसेनची पत्रं. ती आमच्या मते त्याचं उत्तम गद्य आहे. नंतर १७८७ची ज्यूस्तीन. लांबलचक वाचायची तयारी असेल तर ‘अलीन आणि व्हाल्कूर’, १७९५ची पत्ररूप कादंबरी, ज्यात नरभक्षकांचं बुत्युआ आणि आदर्श बेट तामोए समोरासमोर ठेवलेत. तिच्या छपाईला उशीर झाला, कारण मुद्रक जिरूआर मध्येच गिलोटीनवर गेला.

इंग्रजीतून वाचत असाल तर जुन्या स्वस्त आवृत्त्या टाळा. त्यांत तत्त्वचर्चा कापून नुसता मसाला ठेवलेला असतो. ‘१२० दिवस’ वाचायचीच तर पेंग्विनचं २०१६चं भाषांतर घ्या.

‘सॅडिझम’ शब्द त्यानेच काढला का?

नाही. ‘सादिझ्म’ हा शब्द फ्रेंच कोशात १८३४ मध्ये आला, तो मेल्यावर वीस वर्षांनी. वैद्यकात तो रुळवला क्राफ्ट-एबिंग या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने, १८८६ पासूनच्या ग्रंथातून. मराठीत ‘परपीडन’ चालतं, पण शब्द जपून वापरावा. शेजारच्या खडूस काकांना सॅडिस्ट म्हणणं वेगळं, निदान वेगळं.

तो वेडा होता का? शारांताँमध्ये मग का ठेवलं?

६ मार्च १८०१ला प्रकाशकाच्या कचेरीत तो हस्तलिखितांसह सापडला. पुस्तकांसाठी झालेली मोठी कैद ती हीच. खटला चालवला तर पुस्तकांचा आणखी बोलबाला झाला असता, म्हणून आधी तुरुंग आणि १८०३ पासून इस्पितळ. १८०८ मध्ये तिथल्या मुख्य डॉक्टरने, रोयेर-कोलारने, मंत्र्याला स्पष्ट लिहिलं की हा इसम वेडा नाही. त्याचं एकच वेड आहे, दुर्गुणाचं. त्याला तुरुंगात न्या, अशी डॉक्टरची मागणी होती.

संचालक कुल्मिएचं मत उलट. नाटकाने रुग्णांना बरं वाटतं म्हणून त्याने सादला इस्पितळात रंगमंच उभारू दिला. रुग्णांबरोबर बाहेरचे नट, आणि पॅरिसहून प्रतिष्ठित प्रेक्षक. १८१३ मध्ये सरकारने खेळ बंद केले. २ डिसेंबर १८१४ रोजी, ७४व्या वर्षी, तो तिथेच वारला. त्याच्यावरच्या ‘क्विल्स’ चित्रपटात त्याची जीभ छाटतात, ती पटकथाकाराची करामत.

त्याचा फोटो म्हणून नेटवर दिसतो तो कुणाचा?

बहुतेक कुणाचाच नाही. विशीतल्या सादचं म्हणून एक रेखाचित्र आहे, १७६०च्या सुमाराचं, चित्रकार व्हान लोचं मानलेलं. बाकी सगळी एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली कल्पनाचित्रं. बाजूने दिसणाऱ्या दगडी चेहऱ्याचं आणि मागे जळती बॅस्टिल असलेलं चित्र मॅन रे याचं, १९३८चं.

थडगं कुठे आहे?

कुठेच नाही. मृत्युपत्रात त्याने लिहिलं होतं की रानात विधीविना पुरा आणि वर ओकची फळं पेरा, म्हणजे माग राहणार नाही. पुरलं शारांताँच्या दफनभूमीत, ख्रिस्ती विधींसह. काही वर्षांनी कबर उकरली तेव्हा एका डॉक्टरने कवटी मस्तकपरीक्षेसाठी (कवटीच्या आकारावरून स्वभाव ओळखायची तेव्हाची विद्या) घेतली, पुढे ती हातोहात फिरून हरवली. धाकट्या मुलाच्या संमतीने ‘फ्लोर्बेलचे दिवस’ हे शेवटचं मोठं हस्तलिखित पोलिसांनी जाळलं.

फ्रान्सला गेलो तर काय पाहता येईल?

व्हँसेनचा बुरूज सर्वांत सोपा: मेट्रोची १ नंबरची लाइन, शेवटचं स्टेशन. बॅस्टिलमध्ये त्याला ठेवलं होतं त्या ‘स्वातंत्र्य बुरुजा’चा पाया १८९९ मध्ये मेट्रो खणताना सापडला. ते दगड हलवून सेनकाठच्या आंरी-गाली बागेत मांडलेत, तिकीट नाही. लाकोस्तचा किल्ला ल्यूबरों डोंगररांगेत, व्होक्ल्यूज जिल्ह्यात. १७९२ मध्ये जमावाने लुटला, आणि २००१ला फॅशन डिझायनर पिएर कार्दँने घेऊन थोडा सावरला. गुंडाळी मात्र प्रकाशाने खराब होते, त्यामुळे कायम मांडून ठेवलेली नसते. आर्सनालमध्ये गेलो की दिसेल असं धरून चालू नका, आधी प्रदर्शनाच्या तारखा पाहा.